फी आधी, नियम नंतर



परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी हा विषय आपल्याकडे निघतो तेव्हा बोलणे बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. कडाक्याची थंडी, स्वतः रांधण्याची वेळ, न कळणारे उच्चार, वर्गात मागे पडण्याची भीती, सणावाराला दाटून येणारा एकटेपणा. यातले काहीच खोटे नाही. पण ही यादी फार सोयीची आहे. तिच्यातली प्रत्येक अडचण विद्यार्थ्याच्या स्वभावात, सवयींत किंवा तयारीत शोधता येते, आणि म्हणून उपायही त्याच्याच गळ्यात घालता येतो : इंग्रजी सुधारा, कुकर लावायला शिका, ओळखी वाढवा, फारच वाटले तर समुपदेशकाकडे जा. मला मांडायचे आहे ते याहून कोरडे आहे. परदेशी शिक्षण हा आज एक मोठा व्यवहार आहे. त्यात कॉलेज आहे, तिथले सरकार आहे, इथला एजंट आहे, कर्ज देणारी बँक आहे, घरमालक आहे, तासावर काम देणारा दुकानदार आहे. या प्रत्येकाचा लाभ एकतर आगाऊ पदरात पडलेला असतो किंवा तारणाने बांधून घेतलेला असतो. व्यवहार फसण्याची जोखीम उरते ती एकाच पक्षाकडे, आणि तो पक्ष म्हणजे त्या सगळ्यांत वयाने, पैशाने आणि माहितीने सर्वांत तोकडा असलेला विद्यार्थी. ज्यांना आपण त्याच्या अडचणी म्हणतो त्यांतल्या बऱ्याचशा या वाटणीतून निघतात, असे माझे म्हणणे आहे.

हे हवेत बोलून पटायचे नाही, म्हणून एकच देश आणि त्यातही मुख्यतः एकच प्रांत घेतो : कॅनडातला ऑन्टारिओ. २०२४ साली केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी १३ लाखांहून अधिक होते आणि त्यांतले सर्वाधिक, सव्वाचार लाखांच्या वर, कॅनडात होते. जेमतेम चार कोटी वस्तीच्या या देशात २०२३ अखेर सर्व देशांचे मिळून दहा लाखांहून जास्त स्टडी परमिटधारक राहत होते. एवढी गर्दी शिक्षणाच्या ओढीने आपोआप जमली असे मानायला मन घेत नाही. ती जमवली गेली, आणि तिचे कारण ऑन्टारिओच्या अर्थसंकल्पात सापडते. २०१९ मध्ये त्या प्रांताच्या सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी उतरवली आणि मग तिथेच गोठवली. लोकप्रिय निर्णय होता. मात्र कमी झालेली रक्कम सरकारी अनुदानातून भरून देण्याची तसदी कोणी घेतली नाही. महागाई वाढत होती, पगार वाढत होते, आणि कॉलेजांना हवी तेवढी वाढवता येईल अशी एकच फी उरली होती, परदेशी विद्यार्थ्याची. कॅनडात पदवी वर्गाच्या स्थानिक विद्यार्थ्याची सरासरी वार्षिक फी २०२३-२४ मध्ये सुमारे ७ हजार कॅनेडियन डॉलर होती, परदेशी विद्यार्थ्याची ३८ हजार. ऑन्टारिओच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२१ च्या अहवालात सरकारी कॉलेजांचा हिशेब मांडला तेव्हा परदेशी विद्यार्थी पटावर ३० टक्के निघाले, आणि फीच्या एकूण उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. त्या परदेशी विद्यार्थ्यांत दर शंभरातले बासष्ट एकट्या भारतातले. याच कॉलेजांनी एका वर्षात एजंटांना दिलेले कमिशन ११ कोटी डॉलरहून अधिक होते. एखादी सार्वजनिक संस्था आपल्या प्रांतातल्या मुलांना शिकवण्यासाठी लुधियाना, अहमदाबाद आणि पुण्याच्या पालकांच्या कर्जावर अवलंबून राहते, तेव्हा तिला विद्यार्थी निवडण्यापेक्षा विद्यार्थी मिळवण्याची घाई अधिक असते. यात कोणाच्या दुष्टपणाचा भाग नाही. ताळेबंदच तसा आहे.

आता जोखीम कशी सरकत जाते ते पाहू. कॅनडाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने राहण्या-खाण्याचा खर्च परवडतो हे दाखवण्यासाठी ठरावीक रक्कम दाखवावी लागते, बहुधा ती तिथल्या बँकेत ठेवून. आपल्याकडची मुले तिला जीआयसी म्हणतात. ही रक्कम वीसेक वर्षे १० हजार डॉलरवर थांबलेली होती. टोरांटो आणि ब्रॅम्प्टनची भाडी त्या काळात कुठल्या कुठे गेली, पण सरकारी कागदावर वर्षभराचे पोट १० हजारांतच भरत होते. १ जानेवारी २०२४ पासून ती एकदम २०,६३५ डॉलर झाली. नवी रक्कम जास्त वास्तव आहे आणि ती ठरवली हे योग्यच झाले. प्रश्न आधीच्या वीस वर्षांचा आहे. सांगलीच्या किंवा जळगावच्या पालकाने खर्चाचा अंदाज कशावरून बांधायचा? त्या देशाच्या सरकारनेच छापलेल्या आकड्यावरून. तो आकडा निम्मा होता. मग मुलगा तिथे पोचतो, तळघरातल्या एका खोलीत चौघांबरोबर राहतो, मिळेल ते काम धरतो, वर्गात डुलक्या घेतो, आणि त्याच्याविषयी लिहिले जाते की हे शिकायला नव्हे, कमवायला आलेले आहेत. खर्चाचा चुकीचा आकडा सरकारचा, तूट विद्यार्थ्याची, आणि वर बदनामीही त्याचीच.

कामाच्या तासांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २० तास ही जुनी मर्यादा. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने ती तात्पुरती उठवली आणि कारण उघडपणे सांगितले : देशात कामगार कमी पडत आहेत. शिक्षणाचे एकही कारण त्यात नव्हते. ३० एप्रिल २०२४ ला ही सवलत संपली आणि मर्यादा पुन्हा २० तासांवर आली. ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ तास झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांच्या डिप्लोमाला दाखल झालेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. सुट्टीचे महिने वगळले तरी एकाच अभ्यासक्रमात तो तीन नियमांखाली जगला. त्याच्या घरी कर्जाच्या हप्त्याचे आणि पुढच्या सत्राच्या फीचे गणित पहिल्या नियमावर बसवलेले होते. देशाला हात हवे होते तेव्हा विद्यार्थी कामगार ठरला, आणि हात पुरेसे झाले तेव्हा त्याला आठवण करून दिली गेली की तू विद्यार्थी आहेस. तासांची मर्यादा असू नये असे मी म्हणत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने ती असलेली बरी. पण बाजारातल्या मजुरीच्या मागणीप्रमाणे जी मर्यादा वरखाली होते तिला शैक्षणिक नियम म्हणता येत नाही, आणि तिच्या भरवशावर कोणी दोन वर्षांचा संसार मांडू नये, असे निदान आगाऊ सांगायला तरी हवे होते.

तिसरे उदाहरण २०२३ चे. शेकडो भारतीय विद्यार्थ्यांना, बहुतेक पंजाबातल्या, कळवण्यात आले की त्यांनी काही वर्षांपूर्वी ज्या प्रवेशपत्रावर व्हिसा मिळवला ते पत्रच बनावट होते. अनेकांना हे कळले कायम वास्तव्यासाठी अर्ज केल्यावर, म्हणजे शिक्षण आणि नोकरी दोन्ही झाल्यानंतर. एजंटाने पत्र बनवले होते, विद्यार्थी तिथे पोचल्यावर त्या कॉलेजात जागा उरली नाही असे सांगून दुसरीकडे पाठवले होते. काहींना सगळे ठाऊक असणार, यात शंका नाही. म्हणूनच सरकारने देशाबाहेर काढण्याची कारवाई थांबवून प्रत्येक प्रकरण तपासायला घेतले आणि तपासात पहिल्या शंभरेक प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी प्रामाणिक निघाले. मला लक्ष वेधायचे आहे ते त्यानंतरच्या एका साध्या सुधारणेकडे. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र खरे की खोटे हे कॉलेजने सरकारला थेट कळवणे बंधनकारक झाले. इतकी वर्षे ही पडताळणी सक्तीची नव्हती. लाखो रुपये आणि एका माणसाचे भविष्य ज्या कागदावर अवलंबून, तो तपासण्याची साधने कॉलेजकडे आणि व्हिसा देणाऱ्या खात्याकडे होती, एकोणीस वर्षांच्या मुलाकडे नव्हती. तरी कागद खोटा निघाल्याची शिक्षा पहिल्यांदा त्यालाच फर्मावली गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : जाणारे सज्ञान असतात, कोणी हाताला धरून नेत नाही, मग तक्रार कशाची? आक्षेप वजनदार आहे, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो. स्वखुशीच्या व्यवहारात अटी आधी ठरतात आणि पैसे नंतर दिले जातात. इथे उलटे आहे. जलद व्हिसाची जी योजना भारतीयांना २०१८ पासून खुली होती, तिच्यात पहिल्या वर्षाची पूर्ण फी आणि जीआयसी अर्जापूर्वीच भरावी लागे. अटी मात्र नंतर बदलू शकत. आणि हे कॅनडानेच केले असे नाही. ऑस्ट्रेलियात २००५ नंतरच्या काळात स्वयंपाक आणि केशकर्तन हे मागणी असलेले व्यवसाय म्हणून कायम वास्तव्याच्या यादीत होते. मेलबर्न-सिडनीत त्या अभ्यासक्रमांची खासगी कॉलेजे पावसाळी छत्र्यांसारखी उगवली आणि भारतीय मुलांनी भरून गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये ती यादीच रद्द झाली. त्याच सुमारास यांतली अनेक कॉलेजे बंद पडली. या मुलांचा खरा हेतू स्थायिक होण्याचाच होता, असे कोणी म्हणेल. असेल. पण ती वाट सरकारने आखलेली होती, कॉलेजांनी तिची जाहिरात केली होती आणि फी तिच्यामुळेच एवढी घेता आली होती. गिऱ्हाईकाला ज्या आमिषाने दुकानात आणले तेच आमिष दाखवून त्याला लबाड ठरवणे हे न्यायाला धरून नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या देशात किती परके लोक यावेत हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. आणि घरभाडे परवडत नाही म्हणून त्रासलेल्या कॅनडाच्या नागरिकाने परदेशी विद्यार्थ्यांची संख्या कमी करा अशी मागणी केली तर ती वंशद्वेषाची म्हणून झटकून टाकता येत नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या सरकारने त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार नव्या परमिटांची कमाल मर्यादा घातली, आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. माझ्या मते मर्यादा घालणे योग्यच होते. विद्यार्थ्यांची संख्या घरांच्या संख्येशी जुळवण्याचे काम कधीतरी करावेच लागणार होते. पण जुळवायचे कोणी? परमिट देणार केंद्र सरकार, कॉलेजांना मान्यता देणार प्रांत, आणि वसतिगृह बांधण्याची सक्ती कोणावरच नाही. येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला राहायला जागा मिळेल याची हमी कॉलेजांनी द्यावी, असे ऑन्टारिओ सरकारने जाहीर केले ते २०२४ च्या जानेवारीत, गर्दी ओसरायला लागताना. मर्यादेनंतर ऑन्टारिओच्या कॉलेजांनी अभ्यासक्रम बंद केले, नोकरकपात केली, म्हणजे जोखीम थोडी त्यांच्याही वाट्याला आली हे मान्य करायला हवे. काही नवे निर्बंध जुन्या विद्यार्थ्यांना लागू केले नाहीत, हेही तिथल्या सरकारच्या बाजूने सांगितले पाहिजे : शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी विषयांची अट नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्यांनाच आहे. म्हणजे प्रवेशाच्या दिवशी असलेला नियम शेवटपर्यंत पाळणे प्रशासनाला जमते. जिथे मनावर घेतले तिथे जमले. इतर ठिकाणी का जमू नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घरातून येतो. इतकी मुले गेली, स्थिरावली, घरचे कर्ज फेडले, आईवडिलांना तिकडे फिरवून आणले; मग रडगाणे कशाला? ही उदाहरणे खरी आहेत आणि पुष्कळ आहेत. परदेशी शिक्षणाविरुद्ध बोलण्याचा माझा हेतूच नाही, ज्या समाजाला त्याने डॉ. आंबेडकर दिले त्या समाजात तसे बोलणे शोभणारही नाही. पण त्यांचेच उदाहरण या हिशेबाने वाचून पाहावे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी करायची होती. अट जाचक म्हणा हवी तर, पण निघण्यापूर्वी लिहून घेतलेली होती, आणि पैसा संस्थानाचा होता. शिष्यवृत्ती संपली तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्या वेळी लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा दिली आणि १९२० मध्ये ते परत गेले. अपमान, उपासमार, राहायला जागा न मिळणे, हे सगळे त्यांनी सोसले, बडोद्यात तर परदेशापेक्षाही अधिक सोसले. तरी पैशाची जोखीम आश्रयदात्याने उचलली होती आणि खंड पडल्याची जोखीम विद्यापीठाने थोडीशी आपल्याकडे घेतली होती. आज सत्राची फी वेळेवर न भरल्यास अभ्यासाबरोबर त्या देशात राहण्याचा कायदेशीर आधारही डळमळतो. यशस्वी झालेल्यांचे सत्कार होतात, छायाचित्रे छापून येतात. कर्ज घेऊन रिकाम्या हाती परतलेला मुलगा गावात कोणाला काही सांगत नाही, त्यामुळे सरासरी नेहमी गोड दिसते.

राहिला जर्मनीचा मुद्दा, कारण तो माझ्या युक्तिवादाला सरळ आव्हान देतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, तरीही तिथे आपली मुले घरासाठी वणवण करतात, म्युनिकमध्ये तर विशेषच, जर्मन आल्याशिवाय चांगली नोकरी लागत नाही, एकटेपणा आहेच. मग दोष फीच्या धंद्याचा कसा? मी सगळ्या अडचणी या वाटणीतून येतात असे म्हटलेले नाही. पण दोन देशांतला फरक नीट पाहण्याजोगा आहे. जर्मनीतही राहण्याच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात ठेवावी लागते. ती तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याच्या दराला जोडलेली आहे, म्हणून दर वाढला की तीही वाढते : २०२१ मध्ये वर्षाला १०,३३२ युरो, २०२३ मध्ये ११,२०८, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. पालकाला मिळणारा आकडा खऱ्याच्या जवळ असतो. आणि एखादे वर्ष वाया गेले तर वर्ष वाया जाते, घर जात नाही. आता काही जर्मन विद्यापीठेही परदेशी विद्यार्थ्यांना फी लावू लागली आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून ती सुरू केली. ही वाट पुढे कुठे जाते ते ऑन्टारिओने दाखवलेले आहे.

परक्या सरकारांना इथून सल्ला देऊन काही व्हायचे नाही, हे मलाही कळते. म्हणून आपल्या हातात काय आहे ते पाहू. ऑस्ट्रेलियाने कॉलेजे बुडाल्यानंतर २०१२ पासून फी-संरक्षणाची व्यवस्था उभी केली. कॉलेज बंद पडले तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा न वापरलेल्या फीचा परतावा मिळतो आणि त्यासाठी वर्गणी शिक्षणसंस्थांकडून घेतली जाते. जोखीम वाटून घेता येते याचा हा पुरावा. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी परदेशी माणसे पाठवणाऱ्या दलालाला परवाना घ्यायला लावतो. विद्यार्थी पाठवणारा एजंट त्याच्या कक्षेबाहेर आहे. गवंडी पाठवायला परवाना लागतो, मुलगी शिकायला पाठवायला पाटी पुरते. पंजाबने २०१२ साली यासाठी राज्याचा कायदा केला. त्यानंतरही तिथे फसवणूक झाली हे वर आलेच आहे, कारण परवाना दिला तरी एजंटाचा पगार कॉलेज देते आणि तो प्रवेशावर ठरतो, विद्यार्थ्याच्या उत्तीर्ण होण्यावर ठरत नाही. कमिशन किती आणि कोणाकडून, हे पालकाला लेखी सांगण्याची सक्ती परवान्यापेक्षा अधिक कामाची ठरेल असे मला वाटते. सरकार म्हणून आपण किती जबाबदारी घेतो हे युक्रेनच्या वेळी दिसले. २०२२ मध्ये अठरा हजारांच्या आसपास विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीयचे, तिथून सुखरूप आणले गेले. ते काम उत्तम झाले. पण इथल्या कॉलेजांत त्यांना सामावून घ्यायला नकार मिळाला, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची संधी मिळाली तीही सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर.

आणि मग बँक. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेले की साधारणपणे स्थावर तारण लागते. शेतजमीन बँका बहुधा घेत नाहीत, म्हणून राहता फ्लॅट जातो, नाहीतर काकाचा प्लॉट जातो, आणि दोन्ही नसले तर जास्त व्याजाची खासगी वित्तसंस्था येते. कर्ज रुपयांत, खर्च डॉलरांत, आणि मध्ये रुपया घसरला तर तो फरकही घरानेच सोसायचा. मात्र जगातल्या काही निवडक विद्यापीठांत प्रवेश मिळाला तर हीच बँक चाळीस-पन्नास लाखांपर्यंत विनातारण देते. तशी यादीच तिच्याकडे तयार असते. याचा अर्थ कोणत्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेला माणूस कर्ज फेडतो आणि कोणत्या संस्थेतून पडलेला फेडत नाही, याचा अंदाज या देशात कोणाला असेल तर तो बँकेला आहे. यादीबाहेरचे कॉलेज पाहून ती सावध होते, पण ती सावधगिरी पालकाच्या कानावर घालत नाही. ती फक्त घराची कागदपत्रे मागते. कर्जमंजुरीच्या पत्रात एक परिच्छेद वाढवावा : हे कॉलेज आमच्या विनातारण यादीत नाही, कारण अमुक, याच कॉलेजसाठी गेल्या पाच वर्षांत आम्ही इतकी कर्जे दिली आणि त्यांतली इतकी थकली. नाव कोणाचेही छापायचे नाही, आकडे बँकेच्या संगणकात आहेतच. रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते, आणि ते पत्र हातात पडेल तेव्हा फी अजून भरलेली नसेल.